मुलांना डायनासोर सांगताना

डायनासोरबद्दल माणसाला जे काही ठाऊक आहे ते सगळे दगडातून आले आहे. पक्षी सोडले, तर जिवंत डायनासोर कोणाही माणसाने पाहिलेला नाही. त्याची उंची, चाल, खाणे, पिले, आजारपण, क्वचित त्याचा रंगसुद्धा खडकात उरलेल्या खुणांवरून शोधून काढावा लागला. मुलांच्या वाट्याला मात्र हा विषय उलट्या क्रमाने येतो. आधी रंगीत चित्र, मग प्लास्टिकचे खेळणे, मग सिनेमा. ज्या हाडावरून, दातावरून किंवा अंड्याच्या कवचावरून ते चित्र उभे राहिले, ते शेवटपर्यंत नजरेस पडत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला डायनासोरांची वीस नावे तोंडपाठ असतात, पण ‘हे कशावरून कळले?’ हा प्रश्न त्याच्यापुढे कोणी ठेवलेला नसतो. तो प्रश्न आधी ठेवला, की डायनासोर राक्षसांच्या गोष्टीतून बाहेर पडतो आणि अभ्यासाचा विषय होतो. मुलांचे कुतूहल त्यामुळे कमी होत नाही, उलट त्याला करण्यासारखे काम मिळते.

मराठी मुलांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांच्या पुस्तकांतले डायनासोर बहुधा अमेरिकेतले असतात. टायरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स आणि स्टेगोसॉरस त्यांच्या चांगल्या ओळखीचे असतात; चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस मात्र त्यांनी ऐकलेलाही नसतो. विदर्भात, नर्मदेच्या खोऱ्यात आणि गुजरातेत डायनासोरांची हाडे, अंडी आणि विष्ठा यांचे अव्वल दर्जाचे जीवाश्म मिळाले आहेत. विषयाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

फार प्राचीन काळच्या सजीवांचे खडकांत टिकून राहिलेले अवशेष किंवा त्यांच्या खुणा म्हणजे जीवाश्म. मेलेल्या प्राण्याचे शरीर सहसा उरत नाही. इतर प्राणी ते खातात, जिवाणू कुजवतात, ऊन-पाऊस हाडांचा भुगा करतात. एखादे शरीर नदीच्या गाळात, तळ्याच्या चिखलात किंवा वाळूच्या ढिगाखाली लवकर गाडले गेले, तरच पुढची गोष्ट घडू शकते. गाळाचे थरावर थर चढतात, त्यांच्या भाराने खडक बनतो. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यात सिलिका, चुना, लोह अशी खनिजे विरघळलेली असतात. ती हाडातल्या सूक्ष्म पोकळ्यांत साचतात आणि हाड जड, टणक होते. आकार हाडाचाच राहतो, आतली बारीक रचनाही पुष्कळदा टिकते. म्हणून अशा हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यातल्या वाढीच्या रेषांवरून तो प्राणी किती वर्षांचा असताना मेला याचा अंदाज बांधता येतो.

प्रत्येक जीवाश्म असाच बनतो असे नाही. कधी मूळ शंख विरघळून जातो आणि खडकात त्याचा फक्त साचा राहतो. पुढे त्या साच्यात दुसरे खनिज भरून शंखाची हुबेहूब प्रतिमा तयार होते. पाने दबून त्यांचा काळा ठसा राहतो. झाडाच्या चिकात अडकलेला कीटक अंबरमध्ये पंखांसकट टिकतो. पाऊलखुणा, बिळे, घरटी आणि विष्ठा हेही जीवाश्मच. त्यांत शरीराचा भाग नसला तरी वागणुकीची नोंद असते, आणि अशी नोंद हाडांतून क्वचितच मिळते. मुलांना या खुणा विशेष आवडतात, कारण त्यांतून प्राणी काहीतरी करताना दिसतो.

पुष्कळ मराठी घरांच्या देव्हाऱ्यात एक जीवाश्म पिढ्यानपिढ्या पूजेत आहे. तो म्हणजे शाळिग्राम. नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांत दिसणारे चक्र हे ॲमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचे कवच असते. हे प्राणी आजच्या माकुळ आणि नळ यांचे दूरचे भाऊबंद. हिमालयाच्या जागी एके काळी समुद्र होता, याचा तो हातात धरता येईल असा पुरावा आहे. पूजेच्या वस्तूची ही ओळख सांगितल्याने श्रद्धेला धक्का लागण्याचे कारण नाही. घरातल्या मुलाला मात्र जीवाश्म म्हणजे काय हे एका क्षणात उमगते.

डायनासोर कोणाला म्हणायचे, हे आधी नीट सांगावे लागते, कारण याबाबत मोठ्यांचाही गोंधळ असतो. मोठा, जुना आणि नामशेष झालेला प्रत्येक प्राणी डायनासोर नव्हे. पाल, सरडा किंवा मगर यांचे पाय अंगाच्या बाजूला फाकलेले असतात. डायनासोरांचे पाय शरीराच्या खाली सरळ उभे होते. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या ज्या खोबणीत बसतो, ती खोबण डायनासोरांमध्ये आरपार भोकासारखी असते. हा सांगाड्यावर बोट ठेवून दाखवता येणारा फरक आहे. आकाशात उडणारे टेरोसॉर, समुद्रातले इक्थिओसॉर आणि लांब मानेचे प्लेसिओसॉर त्याच काळात राहत होते, पण ते डायनासोर नव्हते. इंग्लंडच्या लाइम रिजिस गावातल्या मेरी ॲनिंगने बालपणी भावाबरोबर शोधलेला प्रसिद्ध सांगाडा इक्थिओसॉरचा होता. तिची गोष्ट मुलांना जरूर सांगावी, पण तिला डायनासोर सापडला असे सांगू नये. हत्तीसारखा, पण केसाळ मॅमथ तर सस्तन प्राणी, आणि तो डायनासोरांनंतर कोट्यवधी वर्षांनी आला.

उलट बाजूने पाहिले तर पक्षी डायनासोरच आहेत. जर्मनीत १८६१ मध्ये ओळखल्या गेलेल्या आर्किऑप्टेरिक्सला पंख आणि पिसे होती, शिवाय दात आणि लांब हाडांची शेपटीही होती. चीनमध्ये १९९६ मध्ये सिनोसॉरॉप्टेरिक्स या छोट्या डायनासोरच्या अंगावर पिसांसारखे तंतू आढळले. त्यानंतर पिसे असलेल्या डायनासोरांची रांगच लागली. २०१० मध्ये सिनोसॉरॉप्टेरिक्सच्याच तंतूंतील रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरट पट्टे होते, असे अनुमान निघाले. अंगणातली साळुंकी किंवा कोंबडी त्या कुळातली आहे हे मुलांना पटवायला वेळ लागत नाही. कोंबडीच्या पायावरचे खवले आणि तिची तीन बोटांवर पडणारी पावले त्यांनी पाहिलेली असतात.

सगळ्यांत अवघड भाग काळाचा. कोटी हा आकडा मुलांना वाचता येतो, पण तो डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्यासाठी शाळेच्या मैदानावर पंचवीस मीटर लांबीची दोरी पुरते. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षे असे ठरवायचे आणि दोरीचे एक टोक म्हणजे आजचा दिवस मानायचे. आजचा माणूस पृथ्वीवर येऊन साधारण तीन लाख वर्षे झाली. ते अंतर तीन सेंटीमीटर भरते. १६७४ मधला शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर येतो. पक्षी सोडून बाकीचे डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. ती खूण ६ मीटर ६० सेंटीमीटरवर. टायरॅनोसॉरस तिच्या अगदी लगत. स्टेगोसॉरस पंधरा मीटरवर. अगदी आरंभीचे डायनासोर तेवीस मीटरच्या आसपास. पृथ्वीच्या जन्माची खूण करायची तर दोरी साडेचारशे मीटरची लागेल. टायरॅनोसॉरस आणि स्टेगोसॉरस यांच्यातले अंतर टायरॅनोसॉरस आणि माणूस यांच्यातल्या अंतरापेक्षा मोठे आहे, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसते. या दोघांची झुंज दाखवणारी चित्रे का चुकीची, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. माणूस आणि डायनासोर एकत्र दाखवणाऱ्या गोष्टींचेही तेच.

ही वये ठरतात कशी, हा प्रश्न कोणतेही हुशार मूल विचारतेच, आणि त्याचे उत्तर टाळू नये. गाळाच्या थरांत खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, हा नियम निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडला. त्यावरून कोण आधीचे ते कळते, पण वर्षे कळत नाहीत. वर्षे मोजायला ज्वालामुखीची राख आणि लाव्हा उपयोगी पडतात. त्यांतल्या झिरकॉनसारख्या स्फटिकांत युरेनियम असते. ते ठरावीक वेगाने क्षय पावून शेवटी त्याचे शिसे होते. दोन्हींचे प्रमाण मोजले की स्फटिक कधी बनला ते निघते. जीवाश्माच्या खालच्या आणि वरच्या राखेचे वय मिळाले, की जीवाश्म त्या दोहोंच्या मधला. कार्बन-१४ची पद्धत इथे चालत नाही, कारण तिची धाव पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे फारशी जात नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक गोष्ट मुलांना आधीच स्पष्ट सांगितलेली बरी. पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर किंवा रायगड इथल्या डोंगरांत डायनासोरची हाडे मिळत नाहीत. राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा आहे, आणि तप्त लाव्हात हाडे टिकण्याचा प्रश्नच नसतो. त्या दगडांत दिसणाऱ्या काही गोष्टी मात्र हटकून फसवतात. बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल धोंडे तयार होतात. त्यांना अंडी समजले जाते. फटींत मँगनीजची खनिजे साचून नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी उमटते. ती वनस्पतीचा ठसा वाटते. ही दोन्ही उदाहरणे मुलांच्या हाती द्यावीत. जीवाश्म ओळखणे शिकताना जे जीवाश्म नाही ते ओळखणेही तितकेच गरजेचे असते.

तरीही बेसॉल्टचा डायनासोरांशी निकटचा संबंध आहे. दख्खनचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास, बहुतांशी दहा लाख वर्षांच्या आत, लोटावर लोट येत पसरला. आज तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उघडा दिसतो. रायगड ज्या कातळावर उभा आहे, अजिंठा आणि वेरूळची लेणी ज्या पाषाणात कोरली आहेत, तो डायनासोर संपत असतानाच्या काळातला आहे. दोन लोटांच्या मधल्या शांत काळात तळी साठत, झाडे वाढत, गोगलगायी आणि बेडूक राहत. मुंबईत वरळीला लाव्हांच्या मधल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने त्यांचे वर्णन केले. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलाँ इथे तशाच गाळात ताडासारखी झाडे आणि फळे दगड होऊन मिळतात. आणि या सगळ्या लाव्हाच्या तळाशी, पठाराच्या कडांना, लमेटा नावाचे गाळाचे खडक डोके वर काढतात. जबलपूरजवळ नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून त्यांना हे नाव पडले. भारतातले शेवटच्या काळातले डायनासोर प्रामुख्याने याच खडकांत आहेत.

त्यांचा शोध लागला तेव्हा ‘डायनासोर’ हा शब्दही नव्हता. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून ज्याचे नाव इतिहासात आहे, त्या विल्यम स्लीमनला १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर दगड झालेली हाडे मिळाली. ओवेनने ‘डायनासोर’ हे नाव दिले ते त्यानंतर, १८४२ मध्ये. स्लीमनची हाडे कलकत्त्याला गेली, आणि १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असे नाव दिले. पुढे ती हाडे संग्रहात कुठे गेली ते कोणालाच ठाऊक नव्हते. २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहात ती पुन्हा ओळखली गेली. विदर्भात हेच काम नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने केले. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाने आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्याबरोबर नागपूर-चंद्रपूर भागातले खडक पिंजून काढले. मांगलीला त्यांना मिळालेल्या एका उभयचराच्या कवटीचे वर्णन ओवेनने केले. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून वारला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकलेल्या अनेकांनाही त्याची ही बाजू माहीत नसते.

विसाव्या शतकात चार्ल्स मॅटली याने बडा सिमल्याला पुन्हा खोदकाम केले, आणि १९३३ मध्ये त्याने फ्रीडरिश फॉन ह्यूने याच्यासह तिथल्या अनेक डायनासोरांचे वर्णन छापले. त्यानंतरचा मोठा टप्पा गोदावरी आणि प्राणहितेच्या खोऱ्यातला. सिरोंचा परिसरातल्या कोटा गावावरून ज्यांना नाव मिळाले त्या खडकांत, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या अभ्यासकांना १९६०-६१ मध्ये हाडांचा मोठा साठा मिळाला. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे हाडे. रवींद्रनाथ टागोरांचे ते जन्मशताब्दी वर्ष होते, म्हणून प्राण्याचे नाव बारापासॉरस टागोराय. ज्युरासिक काळाच्या पूर्वार्धातला हा लांब मानेचा, अवाढव्य शाकाहारी प्राणी आज संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे. त्याची कवटी सापडलेली नाही. फक्त काही दात मिळाले. म्हणजे त्याच्या चित्रातले डोके हे नात्यातल्या इतर प्राण्यांवरून केलेले अनुमान आहे. मुलांना हे सांगणे फार मोलाचे, कारण चित्रातला कोणता भाग पाहिलेला आणि कोणता ताडलेला, हे विचारायची सवय इथून लागते.

डोंगरगावचा आयसिसॉरस हा याच संस्थेचा शोध. वरोरा तालुक्यातल्या एका टेकडीवर १९८०च्या दशकात मिळालेल्या या सांगाड्यात मणके, बरगड्या, खांदा, कंबर आणि पुढच्या पायाचे हाड होते. दंडाचे ते हाडच जवळपास दीड मीटर लांब, म्हणजे सहावी-सातवीतल्या मुलाच्या उंचीएवढे. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन केले. २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस हे नाव मिळाले, ते संस्थेच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून. त्याच वर्षी गुजरातेतल्या बालासिनोरजवळच्या राजासॉरस नर्मदेन्सिस या मांसाहारी डायनासोरचे वर्णन प्रसिद्ध झाले. कपाळावर एक बुटके शिंग असलेला हा प्राणी मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेतल्या मांसाहारी डायनासोरांचा नातलग. समुद्रापलीकडचे हे नाते जुळवायचे तर भारत, मादागास्कर आणि दक्षिण अमेरिका एके काळी एकाच गोंडवन भूमीचे भाग होते हे मान्य करावे लागते. भूगोलाच्या पुस्तकातला खंडांच्या सरकण्याचा धडा इथे हाडांनी सिद्ध होतो.

भारतातल्या सगळ्या शोधांत मुलांना सांगण्याजोगा सर्वांत सुंदर शोध बहुधा पिसदुऱ्याचा आहे. डोंगरगावप्रमाणेच वरोरा तालुक्यातल्या या गावच्या शेतांत टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहारी गटातल्या डायनासोरांची हाडे मिळतात आणि त्यांच्याबरोबर दगड झालेली विष्ठाही मिळते. विष्ठेत खाल्लेल्या वनस्पतींचे अंश असतात. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साचतात. वनस्पती कुजली तरी हे कण टिकतात, आणि त्यांचा आकार जातीजातीनुसार वेगळा असतो. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेतले हे कण वेगळे काढून पाहिले, तेव्हा त्यांत गवताचे कण निघाले, तेही निरनिराळ्या प्रकारच्या गवतांचे. हा निबंध २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तोवर गवत डायनासोरांनंतर पसरले असा समज होता. चंद्रपुरातल्या शेणाच्या एका गोळ्याने तो बदलला. पुढे २०११ मध्ये त्याच नमुन्यांतून भाताच्या कुळातल्या गवताचा पुरावा मिळाला. गवत हा त्या डायनासोरांच्या आहाराचा छोटा हिस्सा होता. ते मुख्यतः इतर झाडपाला खात. तरीही एखादी क्षुल्लक, किळसवाणी वाटणारी वस्तू जगभरचा समज कसा हलवू शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मराठी मुलांना दुसरे मिळणार नाही.

दुसरा शोध गुजरातेतल्या धोली डुंगरीचा. लमेटा खडकांत टायटॅनोसॉरांची नारळाएवढी गोल अंडी शेकड्यांनी मिळतात. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी यांची नोंद प्रसिद्ध झाली. धोली डुंगरीला भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांना अंड्यांशेजारी छोटी हाडे मिळाली होती, आणि १९८७ मध्ये त्यांचे वर्णन डायनासोरच्या पिलाची हाडे असे झाले. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यातले काही मणके पिलाचे नसून सापाचे आहेत हे त्यांच्या लक्षात आले. नंतर दगड काळजीपूर्वक साफ झाला आणि पूर्ण प्रसंग समोर आला. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी अर्ध्या मीटरचे नुकते बाहेर आलेले पिलू. वाळू किंवा चिखल एकाएकी कोसळून सगळे जागच्या जागी गाडले गेले असावे. सापाचा जबडा अख्खे अंडे गिळण्याइतका उघडणारा नव्हता, म्हणून तो पिले बाहेर पडण्याची वाट पाहत असे, असा तर्क आहे. सनाजेह इंडिकस या नावाने हा साप २०१० मध्ये जगापुढे आला. पहिला अर्थ अपुरा होता आणि नव्या नजरेने तो दुरुस्त झाला. मोहबे स्वतः त्या दुरुस्तीच्या निबंधाचे सहलेखक आहेत, ही बाब मुलांना आवर्जून सांगावी.

अशी दुरुस्ती या विद्येत नेहमीचीच. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत १८५४ मध्ये बसवलेल्या इग्वानोडॉनच्या पुतळ्याच्या नाकावर शिंग आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार इथे कोळशाच्या खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, इग्वानोडॉनांचे अखंड सांगाडे मिळाले आणि ते ‘शिंग’ म्हणजे अंगठ्याचे टोकदार हाड होते हे सिद्ध झाले. स्लीमनच्या हाडांना मिळालेले टायटॅनोसॉरस हे नावही आज अभ्यासकांना मान्य राहिलेले नाही, कारण त्या मोजक्या मणक्यांत त्या प्राण्याला इतरांपासून वेगळे काढणारे काही नाही. जुनी पुस्तके चुकीची ठरतात हे ऐकून मुले गोंधळतील अशी भीती पालकांना वाटते. प्रत्यक्षात चुकांची दुरुस्ती कशी झाली ही गोष्ट मुलांना डायनासोरांच्या झुंजीइतकीच रंगतदार वाटते, फक्त ती पुरेशा तपशिलाने सांगायला हवी.

डायनासोर का संपले, याचे उत्तरही पुराव्यांच्या ओळीने द्यावे. लुइस आणि वॉल्टर अल्व्हारेझ या पिता-पुत्रांना इटलीतल्या गुब्बिओजवळ डायनासोरयुगाच्या शेवटच्या मातीच्या पातळ थरात इरिडियमचे प्रमाण अतोनात आढळले. हा धातू पृथ्वीच्या कवचात विरळ आणि लघुग्रहांत जास्त असतो. लघुग्रह आदळला असावा, असे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० मध्ये मांडले. १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या चिक्सुलुब इथला, जमिनीखाली दडलेला सुमारे १८० किलोमीटर रुंद खड्डा ही आघाताची जागा म्हणून ओळखला गेला. कच्छमध्ये अंजारजवळ लाव्हांच्या मधल्या गाळातही इरिडियमचे थर मिळाले आहेत. आघाताच्या धुळीने आणि काजळीने सूर्यप्रकाश अडला, वनस्पती खुरटल्या, अन्नसाखळी तुटली. त्याच सुमारास दख्खनचे ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू ओकत होते. त्यांचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. चालू असलेला वाद चालू आहे असाच सांगितला पाहिजे. मुलांसाठी म्हणून एक बाजू ठोकून बसवू नये.

सिनेमाशी मात्र सामना करावाच लागतो. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मधले बरेचसे डायनासोर ज्युरासिक काळातले नाहीत, त्यानंतरच्या क्रेटेशस काळातले आहेत. त्यातला व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा आणि खवलेदार आहे. खरा मंगोलियातला प्राणी टर्की पक्ष्याएवढा होता, आणि २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसांची मुळे बसण्याच्या गाठी सापडल्या. सिनेमा पाहू देऊन मग त्यातल्या चुका शोधायला लावणे, हा मनाई करण्यापेक्षा चांगला मार्ग. संग्रहालयातही तसेच. सांगाड्यातली कोणती हाडे खरी, कोणती साच्यातून काढलेली आणि कोणती अंदाजाने घडवलेली, हे प्रत्येक ठिकाणी विचारायला शिकवावे. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ‘सू’ या टायरॅनोसॉरसच्या उभ्या सांगाड्यावरचे डोकेसुद्धा प्रतिकृती आहे, कारण खरी कवटी इतकी जड की ती वेगळी ठेवावी लागली. बालासिनोरजवळ रैयोलीला जीवाश्म उद्यान आणि संग्रहालय आहे. तिथे अंडी खडकात जागच्या जागी पाहता येतात. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ वडधमला दगड झालेल्या झाडांचे ओंडके आणि डायनासोरांचे अवशेष यांसाठी उद्यान केले आहे.

नावांना घाबरण्याचे कारण नाही. मुले लांब नावे मोठ्यांपेक्षा सहज उच्चारतात. नावाबरोबर चार गोष्टी सांगितल्या, तर नाव डोक्यात राहते: हा प्राणी कुठे सापडला, कोणत्या खडकात, त्याची कोणती हाडे मिळाली आणि कोणती मिळाली नाहीत.

जीवाश्म सापडलेल्या मुलाने काय करायचे, हेही या शिक्षणाचाच भाग आहे. पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी शेतात नांगरट होते, रस्त्यासाठी मुरूम काढला जातो, आणि ओळख नसल्याने जीवाश्म फुटतात किंवा विकले जातात. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक शेतात मिळालेले गोल दगड काकर भैरव म्हणून पूजत. २०२३ मध्ये अभ्यासकांनी ती डायनासोरांची अंडी असल्याचे ओळखले. पूजेमुळेच ती टिकली होती. जमिनीतून उचललेल्या हाडाची अर्धी माहिती उचलताक्षणी नाहीशी होते, कारण ते कोणत्या थरात, कोणत्या बाजूला आणि कशाच्या शेजारी होते हे पुन्हा कळत नाही. म्हणून वस्तू जागेवरच राहू द्यावी, शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे, गाव, गट क्रमांक, तारीख आणि खडकाचा रंग लिहून ठेवावा. मग ही माहिती भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवावी.